आत्तीची पहिली कवंदी

(दृश्य : सोप्यात अंथरलेलं जुनं लुगडं. चार कोपऱ्यांवर चार दगड.)

गडहिंग्लज भागात गोधडीला वाकळ म्हणतात. माझ्या आत्तीनं आजवर किती वाकळा शिवल्या, याचा हिशेब तिच्याकडे नाही. घरातल्या प्रत्येक बाळंतपणाला एक दुपटं, प्रत्येक लग्नाला एक वाकळ, एवढं तिला आठवतं.

तिची पद्धत ठरलेली. खाली लुगडं, त्यावर जुन्या धोतरांचे आणि चादरींचे थर, सगळ्यात वर पुन्हा लुगडं. तळहातानं सारखं करायचं, कोपरे दगडांनी दाबायचे आणि मग दोरे घालायला बसायचं. बोटभर अंतर सोडून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावदोरा. खाली रेघ आखली असावी, असं वाटतं. रेघ कुठंच नसते.

या उन्हाळ्यात मी तिच्यापुढे एक कवंदी ठेवली.

(दृश्य : रंगीत तुकड्यांची कवंदी. कॅमेरा कडेवरून हळूहळू मध्याकडे.)

कवंदी म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची गोधडी. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो. हे सिद्दी वेगळे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून माणसं गोव्यात आणली. त्यांतले बरेचजण निसटून घाटावरच्या रानात शिरले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतल्या सिद्दी वस्त्या त्यांच्या वंशजांच्या. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. 2003 साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या घरच्या कोकणीत मराठी शब्द इतके आहेत, की हल्याळजवळच्या एका अंगणात दोन दिवस बसून कवंदी शिकताना मला दुभाषा लागला नाही.

आत्तीनं कवंदी उलटीसुलटी करून पाहिली. मग विचारलं, "वरचं लुगडं कुठाय गं?"

वरचं लुगडं नाहीच. खरी अवघड गोष्ट हीच. वाकळीत वरचं कापड आधी तयार असतं, दोरा नंतर येतो. कवंदीत खालच्या साडीच्या चारी कडा पहिल्यांदा आत दुमडतात. मग एका कोपऱ्यात पहिला तुकडा ठेवायचा, त्याची कड दुमडायची आणि सगळ्या थरांतून टाका घालायचा. त्याच्या शेजारी दुसरा तुकडा, तिसरा तुकडा. चारी बाजूंनी फेरी पुरी झाली की तिच्या आतून पुढची फेरी. शिवता शिवताच वरची बाजू तयार होत जाते. शेवटचा टाका मध्यावर पडतो. तोवर ती कशी दिसणार, हे शिवणारीलाही पुरतं ठाऊक नसतं.

"म्हंजे कडंनं आत यायचं? मग मधलं कुणी बघायचं?"

मी म्हटलं, तूच.

(दृश्य : गाठोडं सुटतं. खणाच्या चोळ्यांचे तुकडे, शर्टाचं कापड, लहान मुलीचा झगा.)

दीड हाताचा चौकोन घेतला. पहिला दिवस तुकडे निवडण्यातच गेला. आत्ती जोड्या लावत होती. इकडं हिरवा, तर समोर हिरवा. दुसऱ्या दिवशी टेरिकॉटच्या तुकड्यानं सुई अडवली. दुमडीपाशी थर वाढतात, तिथं तर सुई शिरेचना. अंगुस्तान घालूनही बोट दुखलं. तो तुकडा तिनं काढला आणि मऊ झालेल्या सुती धोतराचा लावला. हे तिला शिकवावं लागलं नाही. कुठलं कापड सुई घेतं, हे तिच्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

खरी अडचण चौथ्या फेरीला आली. मधला भाग फुगायला लागला. आत्तीनं तो दाबून पाहिला. सोडला की पुन्हा वर. दुसऱ्या बाजूला चुण्या. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका उतरला. एवढ्या वर्षांत तिच्या वाकळीला चुणी पडलेली घरातल्या कुणाला आठवत नाही.

तिनं दोन फेऱ्या उसवल्या. दोरा वाया जाऊ नये म्हणून तो बोटाला गुंडाळत, हळूहळू. आणि उसवता उसवताच तिला कारण सापडलं. वाकळीच्या कडा शेवटी बंद होतात, त्यामुळं जास्तीचं कापड सरकत सरकत बाहेर निघून जातं. कवंदीच्या कडा सुरुवातीलाच बंद. प्रत्येक फेरीला थर थोडेथोडे आत सरकतात, चारी बाजूंनी. त्यांना जायला वाटच नसते, म्हणून सगळं मधे साठतं.

हे मला हल्याळला दोन दिवस बसून कळलं नव्हतं. तिथल्या बाईचा हात दर फेरीनंतर कापडावरून फिरायचा, तो मी पाहिला होता. तो का फिरतो, हे मी विचारलंच नाही.

(दृश्य : दगड पुन्हा जमिनीवर. आत्तीचा तळहात.)

मांडीवर घेऊन शिवणं आत्तीनं सोडलं. फेरी झाली की चौकोन जमिनीवर अंथरायचा, दगड ठेवायचे, आतले थर सोडवून सारखे करायचे आणि मगच पुढचा तुकडा. वेळ दुप्पट लागला. जोड्या लावणं मात्र कधी थांबलं, हे तिलाही कळलं नाही. हिरव्याशेजारी झग्याचा गुलाबी तुकडा आला आणि तो तिनं तसाच राहू दिला.

मधे उरलेली जागा वेडीवाकडी होती, पाच कोनांची. त्या मापाचा तुकडा बसेपर्यंत तिनं तो सहा वेळा दुमडला.

शेवटी कोपऱ्यांवर फुलं. चौकोनी तुकड्याच्या घडीवर घडी घालून केलेला जाड त्रिकोण प्रत्येक कोपऱ्यात शिवतात, त्याला सिद्दी बायका फूल म्हणतात. तीन झाली. चौथ्यासाठी आत्तीनं स्वतःच्या लग्नातल्या चोळीचा काठ काढला. तो इतकी वर्षं तिनं कुठल्याच वाकळीत घातला नव्हता.

मधला भाग अजून किंचित वर आहे. हात फिरवला की लागतो.

(दृश्य : पहाट. सोपा. नवं गाठोडं.)

दुसरी कवंदी तिनं अंगभर मापाची घेतली आहे. काल रात्री पहिली फेरी पुरी झाली. दगड अजून तिथंच आहेत.