हरणं पाहायला पहिली दुर्बीण

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात बंद असलेला ताडोबाचा गाभा ऑक्टोबरात पर्यटकांना खुला होतो. त्या सुमारास दुर्बीण घ्यायला निघालेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: "हिच्यातून किती लांबचं दिसतं?" पहिली दुर्बीण घेताना हा प्रश्न सोडून द्या. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर आहे, तोही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. विचारायचं ते हे, की दिवस मावळताना बांबूच्या बेटाआड उभं राहिलेलं सांबर मला नीट दिसेल का, आणि चित्र हलणार नाही ना? उजेड आणि स्थिरता, पैसे या दोन गोष्टींसाठी मोजायचे.

दुर्बिणीवर ८×४२ असा आकडा असतो. ८ म्हणजे ती किती पट जवळ आणते: ४०० मीटरवरचं काळवीट ५० मीटरवर आल्यासारखं वाटतं. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता ४२ला ८ने भागा. सव्वापाच येतात. दुर्बिणीतून डोळ्यात उतरणाऱ्या प्रकाशझोताची ती जाडी. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, तेव्हा कुठलीही दुर्बीण चालून जाते. पण चितळ, सांबर, भेकर खरे हलतात ते पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि तेव्हा बाहुली पाच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडते. खिशात मावणारी १०×२५ घेतलीत तर झोत अडीच मिलिमीटरचाच मिळतो. म्हणजे ८×४२च्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी उजेड. पाठीमागच्या झाडोऱ्यातून सांबराची तपकिरी पाठ वेगळी काढता येत नाही ती यामुळेच. साठीच्या पुढे मात्र बाहुली तेवढी उघडत नाही. त्या वयाच्या श्रोत्यांनी हलकी ८×३२ घेतली तरी फारसं बिघडत नाही.

मग दहा पट का नको? हाताचा थरकापही दहा पट होतो म्हणून. जिप्सीत शेजारी कुणी कूस बदलली तरी चित्र नाचतं. शिवाय दहा पटीत दृश्याचा पट्टा आक्रसतो. १,००० मीटरवर आठ पटीची चांगली दुर्बीण १२५ ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दाखवते, दहा पटीची साधारण १०० ते ११५. जंगलात भेकर दोन झुडपांमधून क्षणभर दिसतं, त्याला गाठायला रुंद पट्टाच हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी किंवा बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य, अशा उघड्या माळावर काळवीट-चिंकारा लांब असतात, तिथे सकाळी १०×४२चा थोडा फायदा होतो. पण ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरू लागते, आणि ती थरथरही तेवढीच मोठी दिसते. १०-३०×५० असं लिहिलेल्या झूम दुर्बिणी तर घेऊच नका. त्यांचा पट्टा अरुंद, पट वाढवली की चित्र अंधारतं, आणि झूमच्या हलत्या भागांमुळे दोन्ही नळ्यांचा मेळ लवकर बिघडतो.

दहा हजारांच्या आत घ्यायची तर माझं स्पष्ट मत आहे: जुन्या घडणीची, खांदे असलेली पोरो प्रिझमची दुर्बीण घ्या. प्रिझम म्हणजे उलटं चित्र सुलटं करणारे आतले काचेचे ठोकळे. सरळ नळ्यांची रूफ प्रिझम दुर्बीण सुबक आणि हलकी खरी, पण तिचे प्रिझम फार काटेकोर घडवावे लागतात. खर्च तिथे जातो आणि स्वस्त मालात तिथेच काटछाट होते. निकॉन अ‍ॅक्युलॉन ८×४२ किंवा ऑलिम्पस ८×४० या पोरो घडणीच्या दुर्बिणी चांगल्या सुरुवातीच्या. उणिवा दोन. त्या जलरोधक नाहीत, आणि चष्मा लावून पूर्ण पट्टा दिसत नाही, कारण भिंगापासून डोळा जेमतेम १२ मिलिमीटरवर धरावा लागतो. चष्मेवाल्यांनी हे अंतर किमान १५-१६ मिलिमीटर आहे ना, हे बघावं, त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. निकॉन प्रोस्टाफची ८×४२ तिथे सोयीची: चष्म्यासाठी भरपूर जागा, जलरोधक, आणि वजन ६०० ग्रॅमच्या आत.

दुकानात काय तपासाल? दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगात प्रकाशाचा ठिपका दिसेल. तो स्वच्छ गोल हवा. कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर आतल्या प्रिझमची काच हलक्या प्रतीची आहे. मग पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. मंद हिरवट-जांभळं असेल तर लेप चांगला. पांढरंशुभ्र चमकत असेल तर तिथे लेपच नाही, आणि अशा प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे पृष्ठभाग दहा-बारा तरी असतात! लाल चकाकणारी भिंगं दिसायला रुबाबदार, पण रंग बिघडवतात. शेवटी दुकानाबाहेर येऊन लांबची विजेची आडवी तार बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही डोळ्यांतली तार वरखाली झाली, तर नळ्यांचा मेळ गेला आहे. अशा दुर्बिणीने अर्ध्या तासात डोकं दुखतं. ती परत द्या.

घरी आणल्यावर एकदा ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यायची. उजवं पुढचं भिंग तळहाताने झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका. आता मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडी कुठल्या खुणेवर थांबली ते लक्षात ठेवा. पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली दाबून ठेवा, नसेल तर वर काढा.

प्राणी आधी नुसत्या डोळ्यांनी शोधा. त्याच्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणा. आधी दुर्बीण लावून मग शोधू गेलात, तर नुसता पालाच दिसेल. कोपर गुडघ्यावर किंवा जिप्सीच्या दांड्यावर टेकवा आणि गाडीचं इंजिन बंद करायला सांगा. एवढं केलंत की चितळाच्या नराची शिंगं अजून मखमली कातडीत आहेत की घासून उघडी झाली आहेत, हेही कळतं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी बुरशीला जपावं. भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की ती लागली आहे, आणि उशीर केलात तर ती लेप कोरून टाकते. चामडी किंवा कापडी पिशवीत पावसाळाभर दुर्बीण ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या मधूनमधून वाळवा. पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग भिंगाचं कापड. सदऱ्याच्या टोकाने पुसलंत, तर धुळीचे कण लेपावर ओरखडे काढतात, आणि ते पुन्हा जात नाहीत.