‘पांढरी दोन’ची पट्टी आणि तिच्यातल्या सिंफनी

मंडळी, आधी एक छोटं भाषांतर करून घेऊ. सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची, बहुधा चार भागांची रचना. कार्यक्रमपत्रिकेवर ‘सिंफनी क्रमांक अमुक, डी मेजर’ असं छापलेलं असतं. पेटीवर डी म्हणजे पांढरी दोन. पांढरी दोनचा सा धरा, बिलावलचे सात स्वर वाजवा, डी मेजर झालं. आजच्या व्याख्यानापुरतं एवढं पुरे आहे.

आपल्याकडे पट्टी गळ्यावरून ठरते. बाईंची काळी पाच, बुवांची काळी एक, आणि साथीदार त्यात जुळवून घेतात. अठराव्या शतकातल्या व्हिएन्नात सिंफनी लिहिणाऱ्याची अडचण उलटी होती. गाणारं कोणीच नाही. समोर तीस-चाळीस वाजवणारे, आणि त्यांतल्या निम्म्या वाद्यांना पट्टी बदलणं जड. त्यामुळे पट्टी वाद्यं ठरवायची. संगीतकार हायडनची पहिल्या क्रमांकाची सिंफनी डी मेजरमध्ये आहे आणि शेवटची, 104 क्रमांकाची, तीही डी मेजरमध्येच. लंडनसाठी त्याने बारा सिंफनी लिहिल्या, त्यांतल्या 93, 96, 101 आणि 104 अशा चार या एकाच पट्टीत आहेत. पुस्तकांत याचं कारण ‘डी मेजर ही उत्सवी, तेजस्वी पट्टी’ असं दिलेलं असतं. तेज आहे खरं, पण ते येतं कुठून, ते पाहू.

व्हायोलिनपासून सुरू करू. त्याच्या चार तारा जी, डी, ए, ई. डी मेजरमध्ये सगळ्यात जास्त लागणारे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगट, तीन: सा वरचा, म वरचा आणि प वरचा, म्हणजे डी, जी आणि ए या पायांवरचे. डी-कॉर्डचा पाया डी आणि त्याचा पंचम ए. जी-कॉर्डचा पाया जी, पंचम डी. ए-कॉर्डचा पाया ए, पंचम ई. आता तारांची नावं पुन्हा म्हणा: जी, डी, ए, ई. तिन्ही कॉर्डांचे पाये आणि पंचम, सगळे उघड्या तारांवर मिळाले. एखाद्या तारेवर बोट ठेवून डी वाजवला तरी शेजारची उघडी डी आपोआप गुंजते, सतारीच्या तरफा गुंजतात तशी. वीस व्हायोलिनं एकदम असं करायला लागली की सभागृहात जो उजेड पडतो, तो या गुंजण्याचा. व्हियोला आणि सेलोला सी, जी, डी, ए अशा तारा असतात, म्हणजे डी आणि ए त्यांच्याकडेही आहेत.

यात एक बारकावा आहे आणि तो आपल्या कानाला पटकन कळेल. या तीन कॉर्डांचे गांधार कोणते? एफ शार्प, बी आणि सी शार्प. (शार्प म्हणजे अर्धा स्वर चढा, फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर उतरलेला.) यांतला एकही उघड्या तारेवर नाही, प्रत्येकाला बोट लावावं लागतं. हे सोयीचं आहे. पंचम-पंचमाने तारा जुळवत गेलं की चार पंचमांनंतर येणारा गांधार स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे 22 सेंट चढा निघतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळपास पाचवा हिस्सा. सी मेजरमध्ये सेलोची उघडी सी आणि व्हायोलिनची उघडी ई एकत्र वाजली तर नेमका हाच चढा गांधार कानावर येतो, आणि उघडी तार काही सरकवता येत नाही. डी मेजरमध्ये पाया आणि पंचम तारेवर ठाम, आणि गांधार बोटाखाली. वादक तो हवा तेवढा उतरवून गोड करू शकतो. शेवटचा ठणठणीत डी-कॉर्ड व्हायोलिनवर असा वाजतो: डी उघडी, ए उघडी, आणि ई तारेवर पहिलं बोट ठेवून एफ शार्प. तीन तारा, एक बोट.

त्या काळच्या बासरीचंही पाहा. लाकडी, एकच चावी असलेली. सहाही भोकं झाकली की डी, आणि खालून एकेक भोक उघडत गेलं की डी मेजरचेच स्वर येतात. अर्धे स्वर काढायला वेड्यावाकड्या बोटांची जुळणी करावी लागते आणि आवाज दबतो. म्हणून जास्त फ्लॅटांच्या पट्टीत जुनी बासरी घशात काहीतरी अडकल्यासारखी वाजते.

आता ट्रम्पेट. याच्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळी गंमत इथे आहे. मोझार्ट-हायडनच्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची लांबी बदलणाऱ्या कळा, नव्हते. डी पट्टीच्या ट्रम्पेटची नळी सुमारे सात फूट, गुंडाळलेली. हॉर्नची त्याच्या दुप्पट, चौदा फुटांच्या आसपास. अशा नळीत सगळे स्वर नसतात, फक्त तिचे स्वयंभू स्वर असतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत गांधार ऐकू येतो ना, तीच ही शिडी. एकेक पायरी चढू. पहिली पायरी खर्जाचा सा, दुसरी सा, तिसरी प, चौथी सा, पाचवी ग, सहावी प. सातवी पायरी कोमल निषादाची, पण तो बराच उतरलेला, सुमारे 31 सेंट. आठवी सा, नववी रे, दहावी ग. अकरावी शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या अधेमधे लटकते, कुठेच नीट लागत नाही. बारावी प.

म्हणजे वाजवणाऱ्याच्या हातात खात्रीचं काय उरलं? खाली सा, प, सा, ग, प. वर सा, रे, ग, प. मध्यम संशयास्पद, धैवत नाही, शुद्ध निषाद फार वर. कोमल गांधार तर मुळीच नाही. पट्टी बदलायची तर क्रुक, म्हणजे वळवलेल्या नळीचा जादा तुकडा, काढून दुसरा बसवायचा. तो घडलेलाच नसेल तर बनवून घ्यायचा. हायडनने 1772 मध्ये एफ शार्प मायनरसारख्या (मायनर म्हणजे कोमल गांधाराची) आडपट्टीत ‘फेअरवेल’ सिंफनी लिहिली, तेव्हा हॉर्नसाठी अर्ध्या स्वराचे क्रुक खास करवून घ्यावे लागले होते. सिंफनीच्या पट्टीला असा लोहारखर्च येऊ शकतो, हे आपण विसरतो.

ट्रम्पेटच्या शेजारी टिंपनी. ही आपल्या नगाऱ्यांची चुलत भावंडं: तांब्याचं भांडं, वर कातडं, कडेला पिळायचे स्क्रू. दोनच नग. लहानावर डी, मोठ्यावर खालचा ए, म्हणजे सा आणि मंद्र पंचम. एका नगाऱ्याला सहा-आठ स्क्रू, प्रत्येक थोडा थोडा पिळत कातडं सगळीकडून सारखं ताणायचं, आणि तेही बाकीचे वाजवत असताना, कान कातड्याला लावून. तबला जुळवणाऱ्याला हे दुखणं सांगायला नको. भागाच्या मध्येच सूर बदलणं म्हणजे संकट. म्हणून भाग संपेपर्यंत तेच दोन स्वर.

आता हे सगळं एकत्र ठेवा आणि सिंफनीचा पहिला भाग कसा चालतो ते पाहा. सुरुवात डी मेजरमध्ये: ट्रम्पेट, नगारे, उघड्या तारा, सगळे घरात. मग संगीत पंचमाच्या पट्टीत, ए मेजरमध्ये जातं. तिथे ट्रम्पेटकडे ए आणि ई आहेत, पण ए-कॉर्डचा गांधार सी शार्प नाही. नगाऱ्यात एकटा ए. पितळ, म्हणजे ट्रम्पेट-हॉर्न, अर्धं बाहेर पडलं. पुढे मधल्या भागात पट्ट्या भराभर बदलतात, बी मायनर, एफ शार्प मायनर, आणखी कुठे कुठे. तिथे ट्रम्पेटवाला बहुतेक वेळ बार, म्हणजे आपल्या भाषेत आवर्तनं, मोजत बसतो. आणि मग मूळ पट्टी परत येते तेव्हा पितळ आणि नगारे एकदम परत येतात. श्रोत्याला ‘घरी आलो’ असं वाटतं, ते पट्टी ओळखल्यामुळे क्वचितच. पितळ परतलं म्हणून वाटतं. माझ्या मते या रचनेचा अर्धा नाट्यपरिणाम त्या सात फुटी नळीच्या दारिद्र्यातून आलेला आहे.

हायडनची 104 क्रमांकाची सिंफनी, 1795, लंडन. सुरुवातीला सोळा बारांची संथ प्रस्तावना, आणि तीही डी मायनरमध्ये. पहिली आरोळी सगळा वाद्यवृंद मिळून देतो: डीवरून वर ए, मग डीवरून खाली ए. सा-प, सा-प. गांधार कुठेच नाही. आता नगाऱ्यावरचे स्वर आठवा: डी आणि ए. ट्रम्पेटला कोमल गांधार येत नाही, नगाऱ्याला दोनच स्वर येतात, आणि हायडनने त्या दोनच स्वरांची आरोळी केली. ऐकणाऱ्याला कळत नाही, मेजर की मायनर. ते पुढच्या बारमध्ये तंतुवाद्यं सांगतात. सातव्या बारला हीच आरोळी एफ मेजरमध्ये येते. तिथे डी पट्टीच्या ट्रम्पेटला आणि नगाऱ्यांना वाजवण्यासारखं काही नाही, ते गप्प. रेकॉर्डिंग लावून हे दोन क्षण पाठोपाठ ऐका. तीच आरोळी, पण दुसऱ्या वेळी खालची जमीन काढून घेतल्यासारखी वाटते. त्यानंतर जलद भाग येतो, तो मात्र डी मेजरमध्ये, हळू आवाजात, नुसत्या तंतुवाद्यांवर. पितळ हायडनने सोळा बार राखून ठेवलं आहे.

मोझार्टकडे वळू, त्याच्या ‘हाफनर’ सिंफनीकडे. 1782 च्या उन्हाळ्यात साल्झबुर्गच्या हाफनर घराण्यातल्या समारंभासाठी वडिलांनी घाईने संगीत मागवलं. मोझार्ट व्हिएन्नात, कामात बुडालेला. जसजसे भाग होतील तसतसे तो टपालाने पाठवत होता. 27 जुलैच्या पत्रात त्याने वडिलांना कळवलं आहे की तुम्हाला आवडते म्हणून डी पट्टी घेतली. ही आवड साधी नाही. लिओपोल्ड मोझार्ट व्हायोलिनवादक, 1756 मध्ये व्हायोलिन शिकवण्याचं मोठं पुस्तक लिहिलेला माणूस. त्याला उघड्या तारांची पट्टी आवडली नसती तरच नवल. पुढे 7 ऑगस्टच्या पत्रात सूचना: पहिला भाग जोशात, शेवटचा जितका जलद जमेल तितका. पहिला भाग उघडतो तो सगळ्यांच्या एकाच डीने, आणि लगेच दोन सप्तकांची उडी. आज पुष्कळ वाद्यवृंद शेवटचा भाग सावध लयीत घेतात. सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि काहीच घडत नाही.

1783 च्या फेब्रुवारीत स्वरलिपी परत आली, तेव्हा यातलं आपल्याला काहीच आठवत नव्हतं असं त्याने वडिलांना लिहिलं. मग कूच आणि एक मिन्युएट (नृत्याचा भाग) काढून टाकलं, पहिल्या आणि शेवटच्या भागात दोन बासऱ्या आणि दोन क्लॅरिनेट घातले, आणि 23 मार्चला सम्राट योसेफसमोर ते सादर केलं. क्लॅरिनेट कोणतं, हेही पट्टीच ठरवते. ए पट्टीच्या क्लॅरिनेटवर कागदावरचा सी ऐकू येतो तो ए; ते घेतलं तर वादकासमोर डी मेजर एफ मेजर म्हणून येतं, एकच फ्लॅट. बी फ्लॅटचं घेतलं तर ई मेजर, चार शार्प. जलद भागात कोणता वादक दुसरं वाद्य उचलेल? मधल्या संथ भागात, जी मेजरमध्ये, ट्रम्पेट, नगारे, बासऱ्या, क्लॅरिनेट सगळे बाजूला. हायडनच्या आणि त्याच्या काळात संथ भागात नगारे बहुधा विश्रांती घेतात. तिथे नगारे वाजले की श्रोते दचकतात.

‘पॅरिस’ सिंफनीची, 1778 ची, गोष्ट लहान आहे पण कामाची. पॅरिसच्या वाद्यवृंदाला सगळ्यांनी एका फटक्यात गज ओढून सुरुवात करायची भारी हौस. मोझार्टने पहिल्या भागात तो फटका दिला. शेवटचा भागही तसाच सुरू होणार अशी सगळ्यांची अपेक्षा. त्याने तो फक्त दोन व्हायोलिन-गटांवर, हळू आवाजात, आठ बार चालवला आणि मग एकदम सगळ्यांना सोडलं. श्रोत्यांनी आधी एकमेकांना गप्प केलं आणि फटका येताच टाळ्या वाजवल्या, असं त्याने 3 जुलैच्या पत्रात लिहिलं आहे.

बीथोव्हनची दुसरी सिंफनी, एप्रिल 1803 मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, तीही याच चौकटीतली. लांबलचक संथ प्रस्तावना, तिच्यात मध्येच डी मायनरचा सगळ्यांनी मिळून घेतलेला उतार. मग ए मेजरमधला दुसरा भाग, ट्रम्पेट-नगाऱ्यांशिवाय. 1818 मध्ये व्हॉल्व्हचं पेटंट निघालं आणि हळूहळू नळीला सगळे स्वर फुटले. त्यानंतर डी मेजर ही सक्ती राहिली नाही. ब्राह्म्सने 1877 मध्ये आपली दुसरी सिंफनी याच पट्टीत लिहिली ती तरीही जुन्या हॉर्नचा आवाज मनात धरून. प्रोकोफिएव्हने ‘क्लासिकल’ सिंफनीत तर थट्टाच केली: पहिल्या भागात घरी परतायची वेळ आली की संगीत डीऐवजी सी मेजरमध्ये शिरतं आणि मागाहून चूक सुधारल्यासारखं डीला येतं.

एक तक्रार. व्हॉल्व्ह आल्यावर पुढच्या काही कंडक्टरांनी मोझार्ट-बीथोव्हनच्या ट्रम्पेटच्या ओळीतले ‘राहून गेलेले’ स्वर भरून टाकले. स्वर भरले की पितळ सगळीकडे हजर होतं आणि परत यायला कुठे गेलेलंच नसतं. शिवाय आजचा ट्रम्पेट साडेचार फुटी, आवाजाने टोकदार. तो जुन्या ओळी पूर्ण जोराने वाजवू लागला की व्हायोलिनच्या त्या उघड्या तारा ऐकूच येत नाहीत.

आता 104 चा शेवटचा भाग लावतो. पहिल्या दोन बारांत धून नाही. सेलो आणि हॉर्न नुसता डी धरून बसतात, कोणी तंबोरा छेडून द्यावा तसा. तिसऱ्या बारला व्हायोलिन येतील. तेव्हा वर लक्ष न देता खालचा डी ऐकत राहा, आणि तो कधी सुटतो तेवढं मनात टिपून ठेवा.