प्लेटी जळाल्या, आता बॉक्स कुठला?

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. लिफ्टवर एक बीएमडब्ल्यू, खाली ट्रेमध्ये गिअरबॉक्सचं तेल निथळतंय. मिस्त्री दोन बोटांत तेल चोळून नाकाशी नेतात.

"जळलंय भावा. क्लचच्या प्लेटी गेल्या."

गावात फिरताना मालकाला काही जाणवलं नव्हतं. करूळ घाट चढताना तिसऱ्या गिअरला पाय दाबला, आरपीएम चढला आणि गाडी मात्र तिथंच.

तीन लिटरचं हे टर्बो पेट्रोल इंजिन कंपनीतून ४०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं. रिमॅपनंतर, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलल्यावर, तो साडेपाचशेवर गेला. गिअरबॉक्स आहे झेडएफ या जर्मन कंपनीचा ८एचपी४५. यातला ४५ म्हणजे साधारण ४५० न्यूटन मीटरची कुवत. ऑटोमॅटिकमध्ये प्लेटी तेलाच्या दाबानं एकमेकींना धरून ठेवतात. टॉर्क त्या पकडीपेक्षा वाढला की प्लेटी घसरतात, तापतात, जळतात. या आठ गिअरच्या बॉक्समध्ये प्लेटींचे क्लच आणि ब्रेक (चाकांचे नव्हे, बॉक्सच्या आतले) मिळून पाचच, आणि प्रत्येक गिअरला त्यातले तीन धरलेले असतात. म्हणून एक गेला, की त्रास एका गिअरपुरता राहत नाही.

मग बदली कुठला? ८एचपी७०, म्हणजे ७०० न्यूटन मीटर. ८एचपी९० सुद्धा मिळतो, पण या इंजिनाला एवढा कशाला? बॉक्स निवडताना हॉर्सपॉवर सांगू नका, टॉर्क सांगा. आणि पहिल्या गिअरचं गुणोत्तर बघा. अमेरिकन गाड्यांत ४एल६०ई हा गिअरबॉक्स काढून दणकट ४एल८०ई बसवतात, तेव्हा पहिला गिअर ३.०६ वरून २.४८ वर येतो आणि सुटतानाचा जोर कमी होतो. इथं जुन्या ४५ चा आणि नव्या ७० चा, दोन्ही बॉक्सचा पहिला गिअर ४.७ च्या आसपास. पिकअप जागच्या जागी राहतो, मला ही निवड त्यासाठीच पटते.

काम मात्र नुसतं बोल्ट काढून घालण्याचं नाही. बेलहाउसिंग, म्हणजे बॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड, इंजिनाशी जुळलं पाहिजे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचं माप बघायला हवं, कंट्रोल युनिट गाडीला ओळखणारं हवं. तेलाची पातळीसुद्धा इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांवर असतानाच बघायची.

त्याआधी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून बॉक्सला देणारा गोल डबा. तो बॉक्सच्या तेलपंपात पूर्ण बसायच्या आत बोल्ट आवळले, तर पंप फुटतो. मिस्त्री दोन्ही तळव्यांनी तो हळू फिरवतात, आत ढकलतात. टक. पोरगं पाना उचलतं.

"थांब रे. अजून एक हाय."

पुन्हा फिरवतात. टक.

"आता आण."