बादलीभर पाणी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय खडी-मुरमाच्या रस्त्यांबद्दल. निविदा निघते, ठेकेदार येतो, रस्ता नवा दिसायला लागतो आणि एक पावसाळा सरला की पुन्हा हाडं खिळखिळी. असं का होतं, ते मला एका बादलीनं शिकवलं.

मी तेव्हा देखरेखीच्या कामावर नवा होतो. ठेकेदारानं जुन्या रस्त्यावरच्या लाटा, म्हणजे पन्हळी पत्र्यासारखे आडवे उंचवटे, तशाच ठेवल्या आणि वर धुतलेली, स्वच्छ खडी अंथरली. दिसायला फार सुरेख. मी जाडी मोजली, 10 सेंटिमीटर भरली, सही केली. दोन महिन्यांत चाकांनी ती खडी कडेला फेकली आणि लाटा वर आल्या. त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर.

दुरुस्तीला ग्रेडर आला, म्हणजे लांब पात्यानं रस्ता खरवडून आकार देणारं मशीन. चालवणारे गृहस्थ वयानं बरेच मोठे होते. मशीन सुरू करायच्या आधी ते मला म्हणाले, "साहेब, बादलीभर पाणी मिळेल?" पाणी आणलं. त्यांनी ते रस्त्याच्या बरोबर मधोमध ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. पाणी कडेला गेलंच नाही. चाकोरीत उतरलं, रस्त्याच्या लांबीनं वाहत गेलं आणि खड्ड्यात जाऊन थांबलं. थोडं कडेपर्यंत पोचलं, तर तिथे गवत माजून मातीचा बांध झालेला. त्यापलीकडे गटार कोरडं. ते म्हणाले, "हे वहीत लिहा. जाडी नंतर."

मग त्यांनी आधी तो कडेचा बांध कापला. ग्रेडरचे दाते लावून लाटांच्या तळाच्याही खालपर्यंत रस्ता उकरला. कडेची बारीक, चिकट माती खडीत मिसळली, टँकरनं पाणी मारलं, मुठीत दाबून बघितलं. गोळा धरला, तेव्हाच पात्यानं मधे उंच, दोन्ही कडांना उतरता असा आकार दिला आणि कडेकडून मधे येत दबाई करून घेतली. संध्याकाळी दुसरी बादली ओतली. पाणी दोन वाटांनी फुटलं आणि सरळ गटारात गेलं. शेवटचा ओघळ आटेपर्यंत ते उठले नाहीत.

अशा माणसाला आपण नुसतं ड्रायव्हर म्हणतो, हे मला पटत नाही. पात्याचा कोन हातानं ओळखणारा तो कारागीर आहे. कामाच्या फलकावर ठेकेदाराशेजारी त्याचं नाव हवं. आणि ट्रकच्या फेऱ्या मोजून बिल द्यायची पद्धत तर बंदच व्हावी. फेऱ्यांचे पैसे दिले की फेऱ्याच मिळतात, रस्ता मिळत नाही.

असो. उताराचं माप सांगतो. मध्यापासून कडेपर्यंत 4 ते 6 टक्के. म्हणजे रस्ता 6 मीटर रुंद असेल, तर मध्य कडेपेक्षा 12 ते 18 सेंटिमीटर उंच. पुन्हा सांगतो, 12 ते 18 सेंटिमीटर. खडीत बारीक माती हवी, साधारण 8 ते 15 टक्के. तीच खडीला धरून ठेवते. अगदी स्वच्छ खडी वरच्या थराला चालत नाही. आणि लाटा उकरल्याशिवाय वर काही टाकायचं नाही. या लाटांवर 2007 साली भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग प्रसिद्ध केले. वाळूच्या फिरत्या थरावर चाक फिरवलं, तर ठरावीक वेगापुढे, चाकाला स्प्रिंग नसतानाही लाटा उठल्या. म्हणजे वेग कमी ठेवणं हीसुद्धा रस्त्याची निगाच आहे.

तेव्हा तुमच्या रस्त्याचं काम निघणार असेल, तर कार्यादेश निघायच्या आधी एखादा मोठा पाऊस पडून गेला की लगेच तिथे जा. पाणी कुठे थांबलंय, कडेला कुठे अडलंय, मोरीचं तोंड उघडं आहे का, हे अंतरासकट लिहा आणि तो कागद काम काढणाऱ्या संस्थेत देऊन पोच घ्या. काम झाल्यावर, शेवटचं बिल निघायच्या आधी, बादली घेऊन पुन्हा जा. ओतायचं मधोमध.