पँटचा नंबर तोच आहे

(दृश्य : पहाट. सेमिनरी हिल्सचा रस्ता, फिरायला आलेली माणसं.)

मे महिन्यातलं नागपूर. आठ वाजले की ऊन चटकायला लागतं, म्हणून साडेपाचलाच इथे गर्दी आहे. रस्त्याच्या कडेला एक टेबल, वजनकाटा, आणि झाडाला टेकवलेली उंची मोजायची पट्टी. नर्सताई पहिलं वाक्य प्रत्येकाला तेच सांगतात, "काका, आधी चपला काढा."

"मी तं पाच-सहा आहो जी, मोजायचं काय त्यात?" काका म्हणतात. ही उंची कॉलेजच्या दिवसांतली. आज पट्टी १६५ सेंटिमीटर दाखवते, म्हणजे पाच फूट पाच इंच. वयानुसार पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात, उंची थोडी घटते. एका इंचाने काय बिघडतं? बिघडतं, कारण इथे उंचीच्या मानाने वजन किती ते काढायचं आहे, आणि या हिशेबात उंचीचा वर्ग करतात.

(दृश्य : कार्डाच्या मागे पेन्सिलीने गणित.)

१.६५ गुणिले १.६५, म्हणजे २.७२२५. वजन ६६ किलो. ६६ भागिले २.७२२५, उत्तर २४.२. हाच बीएमआय, म्हणजे बॉडी मास इंडेक्स. काकांची आठवणीतली उंची धरली असती तर तो २३.५ आला असता.

हा भागाकार कुणा डॉक्टरचा नाही. १८३०च्या दशकात बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले 'सरासरी माणूस' शोधत होते, तेव्हा तो त्यांना सापडला. बीएमआय हे नाव तर थेट १९७२चं, अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी दिलेलं. केतलेंना समूह समजून घ्यायचा होता. एकेका माणसाची तब्येत त्यातून वाचायला आपण नंतर लागलो, आणि तिथेच जपायला हवं.

आंतरराष्ट्रीय तक्त्यात १८.५ ते २४.९ सामान्य, २५पासून जास्त वजन, ३०पासून लठ्ठपणा. काका सुटले? नाही. भारतीयांसाठी आपले डॉक्टर सामान्य वजन २२.९पर्यंतच धरतात. २३पासून जास्त वजन, २५पासून लठ्ठपणा.

आपल्यालाच हा कडक नियम का? २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय काटकुळे राहतात आणि चरबी पोटात साठते. मधुमेह त्याच वाटेने येतो, वजनकाट्यावर काहीच न दिसता.

उलट, आखाड्यात घाम गाळणाऱ्या पैलवानाचा बीएमआय २७ भरला तरी ते स्नायूंचं वजन असू शकतं. गरोदर बाईला हे गणित लावूच नये.

आता रांगेत एक तरुणी. उंची १५५, वजन ४२, बीएमआय १७.५. "किती छान मेंटेन केलंय," मागून कुणीतरी कौतुकाने म्हणतं. मला हे कौतुक खुपतं. १८.५च्या खाली म्हणजे वजन कमी आहे. ताई तिला जेवणाबद्दल, थकव्याबद्दल हळू आवाजात विचारतात आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतात.

(दृश्य : शिवणकामाचा टेप, जवळून.)

काका अजून तिथेच आहेत. "पँटचा नंबर तं वीस वर्षांपासून ३४च आहे जी." खरंच आहे, पण पँट आता पोटाच्या खाली बसते. ताई कुशीला चाचपून शेवटची बरगडी शोधतात, मग कमरेचं हाड, आणि दोन्हींच्या मधोमध टेप लावतात. काका श्वास आत ओढतात. "सोडा काका, नेहमीसारखा सोडा."

टेप ९६ सेंटिमीटरवर थांबतो. आपल्याकडे पुरुषांसाठी ९०, बायकांसाठी ८० ही मर्यादा.

काका स्वतः वाकून आकडा वाचतात. समोरच्या ठेल्यावर तर्री-पोह्यांचा वास सुटलाय, सोबतचे मित्र हाका मारताहेत. काका तिकडे वळत नाहीत.

"ताई, हा टेप कुठं भेटते? घरी ती आहे, पोरगा आहे. त्यांचंही मोजतो."