साडेतीन फुटांवरची रेघ

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्या घरात एक जाळीचं कपाट आहे. फ्रिज यायच्या आधी बहुतेक स्वयंपाकघरांत असायचं तसं. चौकट सागवानी, दारांना आणि दोन्ही अंगांना बारीक तारेची जाळी, आत तीन फळ्या. वरच्या फळीवर दूध, दही, साय. मधल्या फळीवर पोळ्यांचा डबा आणि सकाळची आमटी. खाली लोणच्याच्या बरण्या. चारही पाय पाणी घातलेल्या दगडी वाट्यांत उभे असायचे, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. दाराला बाहेरून कडी, ती मांजरासाठी.

या कपाटावर जमिनीपासून साडेतीन फुटांवर एक काळपट रेघ आहे. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, सगळीकडे एकाच उंचीवर. ती पानशेतच्या पुराची रेघ आहे. १२ जुलै १९६१ची.

आमचा वाडा पुण्यात, नारायण पेठेत होता. नदी तिथून लांब नाही. धरण फुटल्याची बातमी आली तशी आजीनं मुलं, देव आणि पिठाचा डबा एवढं माडीवर नेलं. माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे होते. ते सांगायचे, की जिन्याच्या वरच्या टोकाला बसून ते पायऱ्या मोजत होते. एकेक पायरी पाण्याखाली जात होती. कपाट भिंतीतल्या खुंटीला सुंभानं बांधलेलं असायचं, म्हणून ते तरंगलं नाही, जागेवर उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर आत गाळच गाळ. आजीनं ते अंगणात काढलं, घासूनपुसून वाळवलं आणि पुन्हा त्यात दूध ठेवायला लागली. त्यानंतर वीसेक वर्षं ते स्वयंपाकघरातच होतं.

आता ते कोथरूडला, माझ्या दहा बाय अकराच्या खोलीत आहे. त्या खोलीबद्दल मी आज बोलणार आहे. तिच्यात दुकानातून कोरं करकरीत आणलेलं जवळजवळ काही नाही. काही वस्तू आमच्या घरच्या आहेत, काही परक्यांच्या घरून जुन्या बाजारात आलेल्या. अशा वस्तूंनी खोली कशी लावावी, हे मला कोणी शिकवलं नाही. चुकतमाकत शिकले. आणि त्यातून एका गोष्टीबद्दल माझं मत अगदी पक्कं झालं आहे. ते ओघात येईलच.

वाडा पाडायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळी चुलत भावंडं जमलो. वाड्याचं मोजमाप खणांत होतं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, साधारण पाच फुटांचा. सामान त्या खणांच्या मापानं केलेलं. ते आता आमच्या फ्लॅटांत मावायचं होतं. चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. झोपाळ्याच्या पितळी कड्या एका भावाकडे गेल्या. शिसवी पलंग दुसऱ्याकडे गेला, पण तो त्यांच्या लिफ्टमध्ये शिरेना, जिन्याच्या वळणावर वळेना, आणि दोन दिवस पार्किंगमध्ये उभा राहून अखेर विकला गेला. आंघोळीचा तांब्याचा बंब तर मोडीत निघाला, किलोच्या भावानं. त्या बंबाला मी अजून विसरलेली नाही. थंडीच्या दिवसांत त्याला पाठ लावून शेकत बसायची आमची जागा होती. कोणीही तो उचलून स्वतःच्या बाल्कनीत ठेवू शकलं असतं, मीसुद्धा. पण त्या घाईत सगळ्यांना फक्त अडचण दिसत होती.

म्हणून, श्रोतेहो, घर आवरायची वेळ तुमच्यावर आली तर आधी टेप घ्या. वस्तू मोजा, दार मोजा, लिफ्ट मोजा, जिन्याचं वळण मोजा. आणि निर्णय त्याच दिवशी घेऊ नका. महिनाभर थांबता येत असेल तर थांबा.

माझ्या वाट्याला कपाट आलं आणि आजोबांची आरामखुर्ची आली. कपाटाची जाळी गंजून फाटली होती, एक दार लोंबत होतं. ओळखीतून एक सुतारकाका आले, सत्तरीच्या घरातले. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, बोटानं सांधे चाचपले आणि म्हणाले, "ताई, यात खिळा नाही. सगळं खाचेत बसवलंय आणि सरसानं चिकटवलंय." सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुना डिंक. उष्णतेनं आणि ओलाव्यानं तो सैल होतो. काकांनी सांध्यावर ओलं फडकं ठेवलं, त्यावर गरम इस्त्री धरली, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा सांधा अलगद सुटला. लाकूड फुटलं नाही, तासावं लागलं नाही. साफ केला, पुन्हा सरस लावला, दोरीनं आवळून ठेवला. ज्यानं ते कपाट केलं त्यानं पुढच्या दुरुस्तीची सोय करून ठेवली होती. आजच्या दाबलेल्या भुशाच्या फळीत एकदा स्क्रूचं भोक ढिलं झालं की त्यात पुन्हा काही धड धरत नाही. त्यामुळे जुनं सागवान घेताना मला पैसे जास्त गेल्यासारखं कधी वाटत नाही.

मग काका त्या रेघेपाशी आले. म्हणाले, "ही जाईल. रंध्याचे दोन हात मारले की संपलं."

मी नको म्हटलं.

त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग रंधा नको, पॉलिश पेपर पण नको. वरून नुसता लाखेचा हात देतो."

लाखेचं पॉलिश हे ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिलं असेल. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे राहतात, त्यांच्यापासून लाख मिळते. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं लाकडावर फिरवत राहायची, पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. याला वेळ लागतो आणि घरभर स्पिरिटचा वास राहतो. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, हेही खरं. पण लाख पुन्हा स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे ओरखडा आला तर तेवढ्याच जागी बोळा फिरवून काम भागतं. तुमच्या घरच्या जुन्या वस्तूवर कोणतं पॉलिश आहे हे कळत नसेल, तर मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा कापूस घासून पाहा. चिकट तपकिरी रंग कापसावर उतरला तर ती लाख. त्यावर चकचकीत आधुनिक पॉलिश चढवू देऊ नका.

माझं पक्कं झालेलं मत इथलंच आहे. जुन्या वस्तूवर खुणा असतात आणि रोग असतात. दोन्ही वेगळे ओळखले पाहिजेत. पुराची रेघ ही खूण आहे. देवळीतल्या दिव्यानं काळवंडलेली कड ही खूण आहे. पाटावर सुरीनं कोरलेलं कोणा काकाचं नाव ही खूण आहे. पण वाळवी हा रोग. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली, तर आत भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत, हाही रोग. बाजारातून जुनी वस्तू आणली की मी ती आठवडाभर बाल्कनीत, खाली काळा कागद अंथरून ठेवते. कागदावर ताजी पूड पडली तर आधी औषध, मग घर. अस्सल सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण मागची फळी किंवा ड्रॉवरचा तळ पुष्कळदा आंब्यासारख्या हलक्या लाकडाचा असतो, आणि कीड तिथून शिरते.

आता खुर्ची. लांब हातांची, पाय पसरून त्यावर टाकता येतात अशी. तिच्या बैठकीचा वेत मधोमध फाटला होता. अनेकांनी सांगितलं, प्लायवूड ठोका, वर गादी टाका. मी ती अंध कारागिरांच्या एका कार्यशाळेत घेऊन गेले. वेत विणायचं काम आपल्याकडे कितीतरी वर्षं अंध कारागीर करत आले आहेत. सरकारी कचेऱ्यांतल्या असंख्य खुर्च्या त्यांच्या हातांनी विणलेल्या आहेत. तिथल्या एका काकांनी खुर्ची ताब्यात घेतली. चौकटीच्या कडेची भोकं बोटांनी मोजली, मग फाटक्या वेतावरून तळवा फिरवला आणि विचारलं, "हे बसणारे उजवीकडे कलून बसायचे का?"

मी गप्पच झाले. आजोबांच्या उजव्या हाताला रेडिओ होता. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून आजोबांची सकाळ त्या सेटशी बांधलेली होती. माझ्या लहानपणी त्यांना ऐकू कमी यायचं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांना ते पूर्ण उजवीकडे झुकून, कान सेटला लावून बसायचे. हे मला आठवत होतं. पण ते वेतातही उतरलं असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. काकांना ते तळव्याला कळलं.

त्यांनी नवा वेत भिजवून विणला. उभ्या दोन, आडव्या दोन, तिरप्या दोन अशा सहा फेऱ्या, आणि शेवटी कडेची पट्टी. ओला वेत वाळताना आकसतो आणि ढोलकीच्या कातड्यासारखा ताठ होतो. त्यांनी बजावून सांगितलं, की उन्हाळ्यात महिन्यातून एकदा खालच्या बाजूनं ओलं फडकं फिरवा. वरची बाजू गुळगुळीत सालीची असते, ती पाणी पीत नाही. मी ते न चुकता करते. आणि खुर्चीच्या उजवीकडे आता पुन्हा रेडिओच आहे. नवा आहे, छोटा आहे, पण त्याच बाजूला आहे.

खोलीतला तिसरा ऐवज आमच्या घरचा नाही. बुधवारी आणि रविवारी पुण्यात जुना बाजार भरतो. तिथे मला एक पितळी डबा मिळाला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती: चि. सौ. कां. अमुक हिस, मामांकडून सप्रेम भेट, आणि खाली साल. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची किती सुंदर रीत होती. लग्नसराईत भांड्यांच्या दुकानात एक माणूस मांडी घालून बसलेला असायचा, हातोडीच्या टकटक आवाजात नाव उमटायचं. विकणारा म्हणाला, "ताई, बफ मारून नाव काढून देतो, नव्यासारखा होईल." मी दुसऱ्यांदा नको म्हटलं. त्या भाचीला मी ओळखत नाही. तिचा डबा बाजारात का आला, तेही मला माहीत नाही. पण मामानं दिलेलं तिच्या नावाचं ते झाकण मी पुसणार नाही. डब्यात मी सुया, दोरे, बटणं ठेवते. तो रोज उघडला जातो.

रोज उघडला जातो, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुण्यात राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय आहे. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर केळकर. त्यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, पेट्या, दारं अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि लहान वयात गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. मी तिथे अनेकदा जाते आणि दर वेळी कृतज्ञतेनं परत येते. तिथल्या वस्तूंना काच हवीच. पण घर म्हणजे संग्रहालय नव्हे. घरातल्या वस्तूला काम द्यावं. माझ्या जाळीच्या कपाटात आता पुस्तकं आहेत. पावसाळ्यात बंद कपाटातल्या पुस्तकांना कुबट वास येतो. या कपाटात जाळीतून वारा खेळतो, तो वास येत नाही. दुधासाठी केलेली सोय पुस्तकांच्या कामी आली.

बाकी खोलीत मी फार काही केलेलं नाही. भिंती पांढऱ्या. एका भिंतीशी एकच मोठी वस्तू, म्हणजे तिला श्वास घेता येतो. आजीच्या दोन इरकली लुगड्यांची गोधडी खुर्चीवर, उन्हापासून दूर. समई आहे, पण लाकडापासून आणि गोधडीपासून लांब, फरशीवर.

बाजारात फसवणूकही होते, त्याबद्दल थोडं. नवं लाकूड काळं करून 'शंभर वर्षांपूर्वीचं' म्हणून विकतात. ड्रॉवर बाहेर काढा, उलटा करा. खालच्या, कधीच न दिसणाऱ्या फळीवर हातरंध्याच्या ओबडधोबड खुणा असतील तर बरं लक्षण. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह असेल तर सावध व्हा. तसले स्क्रू १९३०च्या दशकात आले. एखादाच असेल तर मागाहून केलेली दुरुस्ती असेल, सगळेच तसे असतील तर ती शंभर वर्षांची गोष्ट सोडून द्या.

आणि परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांसाठी एक: शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू आपल्याला खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, १९७२चा पुरावशेषांचा कायदा तसं सांगतो. पणजीची समई सुटकेसमध्ये टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे दाखवून, ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या. लाकडी वस्तू असेल तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत विमानतळावर ती जाहीरही करावी लागते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाची मुलगी राहायला आली होती. सात वर्षांची आहे. बाहेर जोराचा पाऊस, आणि ती कपाटापुढे उभी राहून बोटानं ती रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गिरवत होती. म्हणाली, "आत्या, हे काय गं?" मी तिला पणजीची गोष्ट सांगितली. जिन्यावर बसलेल्या आजोबांची, मोजलेल्या पायऱ्यांची. ती कपाटाला पाठ लावून सरळ उभी राहिली. रेघ तिच्या नाकाशी आली. तिनं बोट लावून पाहिलं, क्षणभर विचार केला, मग टाचा उंच केल्या, मान वर ताणली. रेघ हनुवटीखाली गेली.

"आता चालेल?" तिनं विचारलं.