एकास पाच: पुण्याच्या टेकड्यांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात टेकडीवर बांधकामाला बंदी आहे, असं आपण सरसकट म्हणून जातो. पण टेकडी कुठे सुरू होते? तुम्ही म्हणाल, चढायला लागलं की. महापालिकेचं उत्तर वेगळं आहे, आणि ते एका आकड्यात आहे: एकास पाच. आडवं पाच मीटर गेल्यावर जमीन एक मीटर चढली, तर तो उतार एकास पाच. त्याहून तीव्र उतारावर बांधायचं नाही.

अंशांत मोजला तर हा चढ जेमतेम ११ अंशांचा भरतो. एवढ्याशा उताराला कसलं भ्यायचं, असं वाटेल. मग घर बांधून पाहू या, कागदावरच. समजा प्लॉट ४० फूट खोल आहे. पुढच्या हद्दीपासून मागच्या हद्दीपर्यंत जमीन आठ फूट चढली. म्हणजे जवळजवळ एक मजला. आता सपाट जोतं हवं असेल, तर काय करतात? मागचा चार फूट डोंगर कापतात आणि तोच मुरूम पुढे भर म्हणून टाकतात. अर्धं घर मूळच्या घट्ट जमिनीवर, अर्धं भरावावर. भराव नीट दाबलेला नसला तर तो बसत जातो आणि जिथे कापलेली आणि भरलेली जमीन मिळते, नेमक्या त्या रेषेवर भिंतीला तडा जातो. मागे कापलेला मुरूम उघडा पडलेला असतो. पावसाळ्यात त्यात पाणी मुरतं, माती जड होते. अडवायला भिंत बांधली, पण तिच्यात पाणी निघायला भोकंच ठेवली नाहीत, तर ती भिंत मातीबरोबर पाण्याचाही रेटा सोसत उभी असते. किती वर्षं सोसेल, हे पावसावर.

हे झालं एका घराचं. पाणी मात्र शेजारी राहणाऱ्यांकडेही जातं. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला काय झालं, ते अनेकांना आठवत असेल. डोंगर फोडलेला, पाण्याची वाट बुजलेली. एका जोरदार पावसात लोंढा थेट सातारा रस्त्यावर आला, आणि एक आई आणि तिची मुलगी वाहून गेली. त्या दोघींचा त्या डोंगराशी काहीही संबंध नव्हता. त्या रस्त्याने निघाल्या होत्या, एवढंच.

तेव्हा एकास पाच हा आकडा मला तरी कडक वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. उतार मोजायचा, तो कोणत्या जमिनीचा? आज दिसते तिचा, की मूळ होती तिचा? कारण उतार ही बदलता येणारी गोष्ट आहे. एक जेसीबी, चार डंपर आणि एक जोडून आलेली सुट्टी. मंगळवारी मोजणी करणारा आला, तर त्याला सपाट मैदान दिसतं, आणि तो तसंच लिहितो. बिचाऱ्याची चूकही नाही. म्हणून उताराचे नकाशे, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषांचे नकाशे, आधीच काढून सगळ्यांसाठी खुले ठेवायला हवेत, आणि वाद झाला की तेच प्रमाण मानायला हवेत. गोव्यात नगरनियोजन कायद्याचं कलम १७अ आहे. तिथे डोंगर कापण्यासाठीच आधी परवानगी लागते, बांधकाम नंतरची गोष्ट. तिथेही डोंगर कापले जातातच, ते गोवेकर सांगतील. पण निदान गुन्हा कुठे सुरू होतो, हे तरी कायद्याने बरोबर ओळखलंय.

आता दुसरी बाजू, जमीनमालकाची. ती आपण टेकडीवर फिरायला जाणारे लोक फारशी ऐकत नाही.

जुन्या शहराच्या विकास आराखड्यात डोंगरमाथा-डोंगरउतार असा झोन, म्हणजे जमीन-वापराचा विभाग, आहे. ऐंशीच्या दशकात त्या टेकड्या बांधकामाला खुल्या होऊ नयेत म्हणून पुणेकरांनी मोठी चळवळ केली होती. मग १९९७ मध्ये बाणेर, वारजे, बावधन, कोंढवा अशी २३ गावं महापालिकेत आली. त्यांच्या टेकड्यांवरची ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवायचं ठरलं. हेच ते बीडीपी, बायोडायव्हर्सिटी पार्क. त्यानंतर चार टक्के बांधकाम द्यायचं, आठ टक्के की दहा, यावर वर्षानुवर्षं वाद झाला, आणि राज्य सरकारचा शिक्का बसायला २०१५ साल उजाडलं. बांधकाम नाही, असं ठरलं. मोबदला काय, तर शंभर चौरस मीटर जमिनीमागे आठ चौरस मीटरचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क.

रस्त्यासाठी किंवा बागेसाठी जमीन गेली तर मालकाला जमिनीच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त टीडीआर मिळतो. इथे आठ टक्के. मी स्वतः बीडीपीच्या बाजूचा माणूस आहे, पण या हिशेबावर कुणी आनंदाने जमीन देईल, अशी अपेक्षा मला भाबडी वाटते. ती दिली जात नाही. मग मधला माणूस येतो. तो टेकडीचे गुंठे पाडतो, अर्धा गुंठा, एक गुंठा, आणि नोटरीच्या कागदावर विकतो. घेणारा असतो रिक्षा चालवणारा, वॉचमन, घरकाम करणारी बाई. त्यांना शहरात परवडणारी तेवढीच जागा असते. शहराची टेकडी वाचवायचा खर्च शहराने उचलला नाही, तो गाववाल्याच्या माथी मारला, आणि त्याने तो गुंठा घेणाऱ्याच्या गळ्यात टाकला. शेवटी पाडापाडीची नोटीस येते ती त्या तिसऱ्याच्या दारावर.

तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी जागा कुणी दाखवत असेल, तर सातबारा पाहून थांबू नका. सातबारावर मालक कळतो, झोन कळत नाही. महापालिकेच्या बांधकाम खात्याकडून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला घ्या. अर्ज करायचा, शुल्क भरायचं, मिळतो. ‘अहो, सगळ्यांनीच बांधलंय इथे’ हे ऐकायला मिळेलच. त्या सगळ्यांकडे झोन दाखला मागून बघा.

आणि ज्यांना जागा घ्यायची नाही, नुसती टेकडी शाबूत हवी आहे, त्यांच्यासाठी एक. झोन बदलायचा असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. ही नोटीस वर्तमानपत्रात येते, बहुधा आपण वाचत नाही अशा पानावर, बारीक टाइपात. हरकत कुणालाही घेता येते, त्यासाठी जमीन आपली असावी लागत नाही. साध्या कागदावर मराठीत लिहा, सर्व्हे नंबर घाला, त्या उताराचा जुना फोटो असेल तर जोडा, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

नमस्कार.